डिस्क आली, मोरीचं काय?

जानेवारी २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीहून दोन फर्मानं निघाली. सर्वोच्च न्यायालयानं ३० तारखेला मासिक पाळीतलं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि सहावी ते बारावीच्या मुलींना शाळेत मोफत पॅड द्या, असं राज्यांना बजावलं. त्याच सुमारास पर्यावरण मंत्रालयाचे घनकचऱ्याचे नवे नियम आले: १ एप्रिल २०२६ पासून ओल्या-सुक्याच्या जोडीला सॅनिटरी कचऱ्याचाही डबा वेगळा. एकानं सांगितलं वाटा, दुसऱ्यानं सांगितलं वेगळे ठेवा. मथळे सगळे पॅडनं पळवले. त्याच आदेशात मुलींसाठी स्वतंत्र, पाणी असलेली स्वच्छतागृहंही होती. ती बातमीच्या शेपटाला गेली. मला त्या शेपटाबद्दलच लिहायचंय, फक्त सुरुवात एका सिलिकॉनच्या चकतीपासून करावी लागणार.

चकती म्हणजे मेन्स्ट्रुअल डिस्क. कप आता निदान ऐकून माहीत झालाय. तो योनिमार्गात हवेच्या ओढीनं चिकटून राहतो. डिस्कला ओढबीड काही नाही. रुंद, उथळ, कडेला लवचीक रिंग आणि मधे पातळ पापुद्रा. हातात घेतली की जवळजवळ तळहात व्यापते आणि ‘एवढी मोठी?’ हेच पहिल्यांदा तोंडून निघतं. रिंग दोन बोटांत दाबली की मात्र ती लांबट होते. सरकवताना रोख वर नाही, मागे, माकडहाडाकडे ठेवायचा. मागची कड गर्भाशयाच्या तोंडापलीकडच्या खोबणीत जाते, पुढची कड बोटानं ढकलून पुढच्या हाडामागे अडकवायची. बस्स. नीट बसली असेल तर ती आहे हेही जाणवत नाही. टोचत असेल, तर काढून परत बसवायची.

काढणं हा खरा धडा. रिंगेत बोट अडकवून ती आडवी, जमिनीला समांतर ओढायची. खाली खेचली की सांडलीच. पहिल्या वेळी मला मोरीची फरशी धुवावी लागली. मग हात बसला. पाश्चात्त्य माहितीपत्रकं कमोडवर बसून किंवा शॉवरखाली उभं राहून काढायला सांगतात. आपलं उकिडवं बसणं त्याहून सोयीचं, बोट सहज पोचतं. पण बोटं रंगतात, दुसऱ्या पेरापर्यंत रंगतात. स्वतःचं रक्त पाहून ज्यांच्या पोटात कालवतं त्यांना आधी तेवढं पचवावं लागेल.

आणखी एक करामत आहे. लघवीला बसून जरा जोर दिला की पुढची कड खाली झुकते, साचलेलं पडतं आणि उठल्यावर डिस्क पुन्हा जागेवर जाते. हातसुद्धा लावायचा नाही. सगळ्यांना हे साधत नाही. बाळंतपणानंतर तळाचे स्नायू सैल पडले असतील, तर नको तेव्हाही ती झुकते: शिंकताना, जड बादली उचलताना, भाईंदरला विरार लोकलमध्ये मुसंडी मारताना.

आता एका अभ्यासाबद्दल, कारण तो वाचल्यापासून मी भेटेल तिला ऐकवत सुटले आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीतल्या रक्तविकारतज्ज्ञ बेथनी सॅम्युएलसन बॅनाव आणि सहकाऱ्यांनी पॅड, टॅम्पॉन, कप, डिस्क, पिरियड पँटी अशी २१ उत्पादनं घेतली आणि कशात किती मावतं ते मोजलं. यात नवल काय? नवल असं, की त्यांनी मोजायला माणसाचं रक्त वापरलं. तोवर अशा चाचण्या पाण्यावर किंवा मिठाच्या पाण्यावर चालत. पॅड १९२० च्या सुमारास बाजारात रुळू लागला, टॅम्पॉनचं पेटंट १९३३ चं. आणि ही उत्पादनं खऱ्या रक्तावर पारखल्याचा निबंध छापून आला ऑगस्ट २०२३ मध्ये, ‘बीएमजे सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ’मध्ये. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

आकडे सांगते. पॅड, टॅम्पॉन, कप यांत साधारण २० ते ५० मिलिलिटर. पिरियड पँटीत दोन मिलिलिटर, म्हणजे जवळपास काहीच नाही. डिस्कमध्ये सरासरी ६१. बहुतेक बायकांचं अख्ख्या पाळीत मिळून ३०-४० मिलिलिटरच जातं, हे लक्षात घेतलं की ६१ चा अर्थ कळतो. पण बॅनावबाईंचा मुद्दा विक्रीचा नव्हता, रोगनिदानाचा होता. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर गेलं की तो अतिस्राव धरतात. तो ओळखायचा कसा? डॉक्टर विचारतात, ‘दिवसाला किती पॅड लागतात?’ कुणी अर्धा ओला झाला की बदलते, कुणी पैसे वाचवायला गच्च होईपर्यंत ठेवते. दोघींचं उत्तर ‘चार’. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं होतं. अशा राज्यात गेलेलं रक्त मोजता येणं ही चैन नाही. डिस्क काय, कप काय, त्यात ते डोळ्यांना दिसतं आणि आकड्यात सांगता येतं. माझ्या मते या चकतीचा हा सगळ्यात मोठा गुण आहे आणि जाहिरातीत नेमका तोच नसतो.

त्याच पाहणीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या मुलींना काय वापरता असं विचारलं होतं. ६४ टक्के पॅड, ५० टक्के कापड (बऱ्याच जणी दोन्ही), टॅम्पॉन १.७ आणि कप ०.३. डिस्कला रकानाच नव्हता. तेव्हा ‘टॅम्पॉनला पर्याय’ वगैरे भाषा आपल्याकडे गैरलागू आहे. इथे चौकातल्या औषधवाल्याकडे टॅम्पॉन मागितला तर तोच विचारात पडतो. मिरा रोडच्या दुकानांत मला कप मिळाले, तीन-चारशे रुपयांपासून. डिस्क मात्र ऑनलाइनच आणि बरीच महाग. पॅड अजूनही वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतच मिळतो, ती परंपरा अबाधित आहे.

डिस्कची मर्यादा बारा तासांची. हा आकडा कंपनीनं नव्हे, पश्चिम रेल्वेनं ठरवलाय असं भाईंदरच्या बाईला वाटावं. चर्चगेट इथून चाळीस किलोमीटरच्या पुढे. सकाळी साडेसातला घर सोडलेली बाई परत दार उघडते तेव्हा सात वाजलेले असतात. लोकलला संडास नाही. स्टेशनवर आहे तिथे जावंसं वाटत नाही; ‘राइट टू पी’वाल्या बायकांनी २०११ पासून मुंबईत हेच ओरडून सांगितलंय. खास बायकांसाठीची पहिली लोकल ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली धावली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत गेली. त्या डब्यांतून बायकांनी भाज्या निवडल्या, डोहाळजेवणं केली, पण पॅड बदलायची सोय तिथेही नव्हतीच. घामानं चिकटलेला पॅड आणि सोललेल्या मांड्या घेऊन चौथ्या सीटच्या टोकावर टेकून येणं ज्यांनी केलंय, त्यांना बारा तासांचं मोल समजावायला नको.

तर मग अडलंय कुठे? इथे मला र. धों. कर्वे आठवतात. डिस्क दिसायला नवी असली, तरी तिची जवळची नातलग शंभर वर्षांपूर्वीच मुंबईत येऊन गेली आहे: गर्भनिरोधाचा रबरी पडदा, डायाफ्राम. आकार तोच, आतली जागा तीच, घालायची रीतही तीच. फक्त तो बाहेरचं आत जाऊ देत नसे आणि डिस्क आतलं बाहेर सांडू देत नाही. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं तेव्हा जगभरच्या अशा केंद्रांत बाईच्या हाती द्यायचं मुख्य साधन हे पडदे आणि टोप्याच होत्या. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले, माणूस हटला नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या कुटुंब नियोजन केंद्रांनीही पन्नाशीच्या दशकात डायाफ्राम आणि जेली दिली. चाललं नाही. १९६५ पासून गर्भाशयात बसवायचा लूप आला आणि पडदा अडगळीत गेला.

का चाललं नाही, याचं सोपं उत्तर ‘आपल्या बायका लाजाळू’ असं दिलं जातं. मला ते पटत नाही. तेव्हाच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला आणि नळ सार्वजनिक. पडदा घालायचा कुठे, धुवायचा कुठे, वाळत ठेवायचा कुठे? कापडाच्या घड्या साडीखाली लपवून वाळवणाऱ्या बायकांना आणखी एक वस्तू लपवायला सांगितली होती.

आज मिरा-भाईंदरमध्ये चाळी कमी आणि टॉवर जास्त आहेत. पण वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि बाथरूमबाहेर नंबर, हे तसंच आहे. भाईंदर पश्चिमेच्या गणेश देवल नगरसारख्या वस्तीत तर सार्वजनिक शौचालय, आणि तिथे एका हातात टमरेल, दुसऱ्या हाताला कडी धरायची. डिस्क काढायला दोन्ही हात मोकळे लागतात. आधी हात धुवायचे, काढायची, धुवायची, परत घालायची, परत हात धुवायचे. पाणी हवं आणि लगेच हवं. सूर्या योजनेच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ या शहराच्या वाट्याचे, आणि शहरानं त्यांची वर्षानुवर्षं वाट पाहिली. दिवसाआड भरलेल्या पिंपातल्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला ‘फक्त स्वच्छ धुवा’ असं सांगणाऱ्या माहितीपत्रकाचा मला राग येतो.

मग उकळणं. पाळी संपली की डिस्क पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायची. कुठल्या पातेल्यात? भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून देशभर स्टीलची भांडी जातात. त्या गावात या एका कामाला पातेलं निघत नाही. देवाला शिवायचं नाही म्हणून अजून बाजूला बसणाऱ्या घरात तर पाळीची वस्तू गॅसवर ठेवणं म्हणजे महाभारत. एक वेगळं छोटं पातेलं घ्यायचं आणि वर नाव घालायचं, हा माझा तोडगा. सासूबाई असलेल्या घरात तो दुपारच्या झोपेच्या वेळी जास्त यशस्वी होतो.

डॉक्टरी बाजूचं थोडक्यात सांगते. बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नका; टॉक्सिक शॉक सिंड्रोम फार दुर्मीळ, पण जिवावरचा. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’नं २०१९ मध्ये कपवरचे ४३ अभ्यास एकत्र तपासले, त्यात ३,३१९ जणी होत्या, आणि कप सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. डिस्कवर एवढं काम झालेलं नाही. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. कप काढताना ती निसटल्याच्या नोंदी आहेत. डिस्कला ओढ नसली तरी बोटात दोरा अडकू शकतो. ‘आत हरवली तर?’ हरवत नाही, वर गर्भाशयाचं तोंड आहे आणि त्यातून ती जाणार नाही.

आणि कौमार्याचा प्रश्न. तो हमखास येतो, मुलीपेक्षा आईकडून. योनिपटल बघून कुणाचं काही सिद्ध होत नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी हे लावून धरलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं कौमार्याच्या लक्षणांचा धडा वैद्यकीय अभ्यासक्रमातून काढला. पुस्तकातून निघाला, डोक्यातून निघायचाय. जुलै २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूरला, संडासात रक्त दिसलं म्हणून शाळेनं मुलींचे कपडे उतरवून तपासलं. तिथे तर साधी पाळीच गुन्हा ठरली होती.

केरळनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. आलप्पुळ्यात २०१८ च्या पुरानंतर पॅडचा कचरा तुंबला. सरकारी कंपनी एचएलएलनं ‘तिंगळ’ प्रकल्पात पाच हजार कप वाटले, आणि नुसते वाटले नाहीत, कसे वापरायचे तेही शिकवलं. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुळमजवळचं कुंबळंगी पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये ‘अस्मिता’ योजना आली, शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगलीच होती. पण आठ पॅड म्हणजे आठ वेळा कचरा, आणि आपला कचरा कुठे जातो ते उत्तनकरांना विचारा. धावगी डोंगरावरच्या कचऱ्याला आगी लागतात, धूर कोळीवाड्यांवर येतो, आंदोलनं होतात, पुन्हा आग लागते. महिन्याला पंधरा धरले तरी एक बाई वर्षाला दोनशेच्या आसपास पॅड तिकडे पाठवते. वेगळा डबा केला म्हणून त्यातलं प्लॅस्टिक विरघळणार नाही.

म्हणून महापालिकेनं उद्यापासून डिस्क वाटाव्यात असं मी म्हणणार नाही. आधी शाळांतल्या संडासांच्या कड्या बसवा, नळाला दुपारी बारालाही पाणी ठेवा. तेवढं झालं तर घडी, पॅड, कप, चकती, ज्या मुलीला जे हवं ते ती निवडेल. ज्यांच्याकडे कडी आणि पाणी दोन्ही आहे, त्यांनी प्रयोग करून बघायला हरकत नाही. नखं कापा, घाई नसलेला रविवार निवडा, पहिल्या महिन्यात खाली पातळ पॅड असू द्या. आणि वेळ नळाला पाणी यायची साधा.