मोटारसायकलच्या मागच्या डब्याची प्लेट निवडताना



ऊस विकास खात्याच्या या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते हेच विषय असतात. या वेळचा विषय जरा निराळा आहे. ठिबकचे जोड, माती परीक्षणाचे नमुने, पाना-पक्कड, जेवणाचा डबा, ऊस नोंदीचे कागद, हे सगळे आता मोटारसायकलवरूनच शेतावर आणि गट ऑफिसला जाते-येते. म्हणून पुष्कळ सभासद गाडीच्या मागे कुलपाचा डबा बसवून घेऊ लागले आहेत. सोय चांगली आहे. पण डबा घेताना रंग पाहतात, लिटर पाहतात, आणि ज्या प्लेटवर तो डबा बसायचा ती मात्र दुकानदार देईल ती! आमचे सांगणे याच्या उलट आहे. आधी गाडी आणि भार पाहावा, त्यावरून प्लेट ठरवावी, डबा सगळ्यात शेवटी घ्यावा.

कॅरिअर वेगळे, प्लेट वेगळी

या दोन वस्तूंची नेहमी गल्लत होते. कॅरिअर म्हणजे गाडीच्या चासीला बोल्टने आवळलेला सांगाडा. प्लेट म्हणजे त्या कॅरिअरवर बसणारा पत्रा. डब्याची खाच आणि कुलूप याच प्लेटमध्ये अडकते. प्लेट कितीही जाड घेतली आणि खाली कॅरिअर लेचेपेचे असले, तर उपयोग शून्य. कॅरिअर आपल्याच मॉडेलचे असावे आणि ते चासीच्या मूळ भोकांवर बसावे. नुसत्या मडगार्डवर किंवा प्लॅस्टिकच्या शेपटीवर प्लेट बसवून देणारा भेटला तर त्याला सरळ नाही म्हणावे.

भार किती आणि कुठे

45 लिटरचा डबा म्हणजे 45 किलोचा डबा नव्हे. लिटर ही जागा झाली, वजन नव्हे. वजनाची मर्यादा कॅरिअरच्या माहितीपत्रकात किंवा प्लेटवर दिलेली असते, आणि दोन्हींत जी कमी ती खरी. समजा कॅरिअरची मर्यादा 10 किलो आहे. 2 किलोची प्लेट आणि 4 किलोचा रिकामा डबा बसला, की सामानाला उरले फक्त 4 किलो. हा हिशोब घरीच करावा. युरियाची 45 किलोची गोणी किंवा दुधाचा मोठा कॅन या प्लेटवर ठेवायचाच नाही.

भार कुठे पडतो हेही महत्त्वाचे आहे. बैलगाडीत मागे जादा ऊस भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते, हे आपल्याला सांगायला नको. मोटारसायकलचे तसेच आहे. दोन चाकांतले अंतर साधारण सव्वा मीटर असते. डब्याचा मध्य मागच्या चाकाच्या आसापासून एक फूट मागे गेला आणि भार 10 किलो असला, तर पुढच्या चाकावरचा जवळजवळ अडीच किलो भार उचलला जातो. मागे माणूस बसला की पुढचे चाक आणखी हलके वाटते. पाटाच्या चढावर किंवा ओल्या चाकोरीत हँडल हलतं ते यामुळेच. म्हणून डबा जितका पुढे आणि जितका खाली बसेल तितका चांगला. जड वस्तू डब्यात तळाला ठेवाव्यात.

प्लेटचे प्रकार

1. प्लॅस्टिकची प्लेट : डब्याबरोबर मिळते आणि यू-क्लॅम्पने आवळतात. कागदपत्रे, रेनकोट, जेवणाचा डबा यांना पुरते. खराब रस्त्यावर अवजारे नेणाऱ्यांनी ही घेऊ नये.

2. लोखंडी प्लेट : 3 मिलिमीटर जाडीची, एक फूट लांब-रुंद प्लेट सुमारे 2 किलो भरते. वाकली तर ठोकून सरळ होते आणि गावातला वेल्डिंगवाला ती दुरुस्त करू शकतो. मात्र खताचा अंश आणि ओल यांनी गंजते, म्हणून रंग शाबूत ठेवावा. आपल्या कामाला आम्हाला हीच बरी वाटते.

3. ॲल्युमिनिअमची प्लेट : 5 मिलिमीटर जाडी असूनही सव्वा किलोच्या आसपास भरते आणि लोखंडासारखी गंजत नाही. पण सततच्या धक्क्यांनी भोकांपाशी तडा जाऊ शकतो, आणि तो साध्या वेल्डिंगने जुळत नाही.

डबा आणि प्लेट यांची खाच एकमेकांना जुळणारी हवी. इटलीच्या गिव्ही या एकाच कंपनीच्या मोनोकी आणि मोनोलॉक अशा दोन पद्धती आहेत, आणि एकीचा डबा दुसरीच्या प्लेटवर बसत नाही. मग वेगवेगळ्या कंपन्यांचे काय सांगावे! दुकानातच डबा चार वेळा काढून-घालून पाहावा. खटका नीट बसला पाहिजे आणि डबा खुळखुळता कामा नये.

मागे बसणाऱ्याचा विचार

कॅरिअर बसवताना काही ठिकाणी मागची मूठ, म्हणजे धरायची दांडी, काढून टाकतात. हे फार वाईट. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईने खड्ड्यात काय धरायचे? मूठ कायम राहील, किंवा कॅरिअरलाच धरायची दांडी असेल, असेच साहित्य घ्यावे. साडीगार्ड आणि पायठेवणीलाही हात लावू देऊ नये.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे डब्याची लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डबा मागच्या माणसाच्या जागेवर बसवला तर गाडीवर एकट्या चालकालाच बसता येते. तो त्या जागेच्या मागे असला, तरच दुसरा माणूस बसवता येतो. नंबर, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जाणार नाहीत हेही पाहावे. हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला आपला दिवा दिसला नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

बसवल्यानंतर

चारही बोल्ट 8 मिलिमीटरचे, खाली रुंद वायसर आणि नायलॉक नट असावेत. साधा नट हादऱ्याने सुटतो. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत आणि पुढे महिन्यातून एकदा. भोकाजवळ रंग उडून बारीक रेघ दिसली, तर तो तडा समजावा आणि डबा त्याच दिवशी उतरवावा.

शेवटचे एक. कीटकनाशकाची बाटली आणि जेवण एका डब्यात कधीही ठेवू नये. झाकण घट्ट आहे म्हणून औषध सांडत नाही असे नाही.

वरील बाबींचा सर्व सभासदांनी विचार करावा आणि घरातल्या तरुण मंडळींनाही हे वाचून दाखवावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी