आजीचे बोल कुलरच्या घरघरीत हरवू नयेत

हल्ली शाळा-कॉलेजात प्रकल्प म्हणून मुलांकडून व्हिडिओ मागतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मुलीने ठरवले, आजीलाच बोलते करायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढरे लुगडे नेसलेल्या आपल्या आईचे बोट धरून आजी दीक्षाभूमीवर गेली होती. चांगली पाऊण तास बोलली. रात्री लावून पाहिले, तर कुलरची घरघर तेवढी ऐकू येत होती! दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तर म्हणाली, "कालच त सांगतलं नं बाई सारं," आणि दहा मिनिटांत आटोपले.

धम्मदीक्षेच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. ही माणसे आपल्या वस्तीत किती उरली, ते ज्याचे त्याने मोजावे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. तिला आलेल्या हजारो बायांपैकी किती जणींचे बोलणे आज आपल्याजवळ आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना शोधून बोलते केले, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. तेच काम आज आपली मुले घरच्या मोबाईलवर करू शकतात. मात्र पैसा कुठे घालायचा, हे आधी समजून घ्यावे.

पहिला खर्च माईकचा

मूल महागडा कॅमेरा मागेल. तो घेऊ नये. घरातील बऱ्यापैकी मोबाईलचे चित्र या कामाला पुरते. शिवाय अनेक मोठे कॅमेरे सलग अर्धा तास होण्याआधीच आपोआप थांबतात, आणि आजीची गोष्ट अर्ध्या तासात संपत नसते.

चित्र थोडे अंधुक असले तरी चालते, शब्द कळले नाहीत तर सारेच वाया जाते. मोबाईल पाच-सहा फुटांवर ठेवला की त्याचा माईक बोलण्यासोबत पंखा, कुलर, रस्त्यावरची गाडी, टिनावरचा पाऊस सारेच ओढून घेतो. म्हणून कॉलरला लावायचा वायरचा माईक घ्यावा. सीताबर्डीच्या बाजारात तो काही शे रुपयांत मिळतो. घेण्यापूर्वी आपल्या मोबाईलला गोल पिनचे छिद्र आहे की चपटे टाइप-सी, ते पाहावे. दुकानातच लावून दोन वाक्ये बोलून ऐकावे. बिनवायरचा माईक सोयीचा खरा, पण महाग आणि चार्जिंगचा.

माईक पदराला, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. बांगड्या किंवा पदर त्याला घासणार नाही असे पाहावे. कुलर व पंखा बंद करावा. उन्हाळ्यात हे सकाळी लवकरच जमते.

स्टँड, उजेड आणि जागा

दुसरा खर्च स्टँडचा. तो नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत रचून तिला मोबाईल टेकवावा. हातात धरू नये. मोबाईल आडवा ठेवावा, मागच्या बाजूचा कॅमेरा वापरावा आणि फोन येऊन खंड पडू नये म्हणून एअरप्लेन मोड लावावा.

दिव्यांवर खर्च करू नये. आजीला दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड करून बसवावे. उजेड पाठीमागे असला की चेहरा काळा पडतो.

साध्या एचडीत तासभराला साधारण सहा-आठ जीबी जागा लागते. फोर-केची गरज नाही, त्याला कितीतरी जास्त जागा लागते. सुरू करण्यापूर्वी जागा मोकळी करावी, एक मिनिट घेऊन ऐकून पाहावे. आमच्या घरी हे एक मिनिटच चुकले.

काम झाल्यावर

त्याच दिवशी पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी नक्कल ठेवावी. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला तर त्याचा दर्जा घसरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. लोकांना दाखवायचे असेल तर त्यांची परवानगी घ्यावी. नको म्हणाल्या, तर ते घरातच राहू द्यावे.

एका घराला माईक-स्टँडचा खर्च जड जात असेल, तर विहाराने किंवा महिला मंडळाने वर्गणीतून एक जोड घ्यावा आणि मुलांना आळीपाळीने द्यावा. कागदावर आपला इतिहास फार थोडा आला. जो आजी-आजोबांच्या ओठांवर आहे, तो मुलांनी एकदाच, पण नीट ऐकून ठेवावा. दुसऱ्यांदा आजी तसे सांगत नाही.

जयभीम.