बाग, पाणी आणि नगरचा माळ

झाडांची किंमत रुपयांत मांडायचा उद्योग आता जुना झाला. कलकत्ता विद्यापीठातल्या प्रा. दासांनी १९७९ मध्ये पन्नास वर्षांच्या झाडाचे मोल १५ लाख ७० हजार रुपये काढले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने झाडाच्या वयाला ७४,५०० रुपयांनी गुणायला सांगितले. त्यातले ४५,००० एकट्या प्राणवायूचे. हा हिशेब मला कधीच पटला नाही. हवेत एकवीस टक्के प्राणवायू आहे आणि नगरात तो कुणाला कमी पडलेला नाही. नगरात कमी पडते ते पाणी, सावली आणि ओल धरणारी माती. तरीही चार बाके, पेव्हर ब्लॉकची वाट आणि मधोमध हिरवळ घातली की 'ऑक्सिजन पार्क'ची पाटी लागते.

हिरव्या जागेचे मोल कसे करायचे, हे अहमदनगरच्या निजामशाहीतल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते. त्यांची फराहबाग १५८३ मध्ये पुरी झाली. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल, जाड भिंती, उंच कमानी आणि चारही बाजूंनी पाणी. सावेडीकडच्या हश्त-बिहिश्त बागेतही तीच रचना. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात या बागा उभ्या राहिल्या, कारण बागेआधी पाण्याची सोय झाली. कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा उंचवट्याच्या बाजूंनी खापराच्या नळांतून पाणी उताराने शहराकडे येई. त्या नळांना पंप लागत नव्हता आणि वीजही लागत नव्हती.

पाण्याच्या जोरावर बाग गार राहते, त्यामागचे शास्त्र साधे आहे. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी असते, म्हणून पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते आणि गारवाही तितकाच मिळतो. मुंबईच्या दमट हवेत तीच बाग एवढी गार करणार नाही. मात्र मुळाशी ओल संपली की झाड पानांची रंध्रे मिटून घेते आणि हे बाष्पीभवन थांबते. मग उरते ती नुसती सावली. म्हणून नगरात बागेचे मोल करायचे तर आधी तिच्या विहिरीत डोकावावे. आज फराहबागेच्या तळ्यात पाणी नाही. जुन्या नळांची डागडुजी करावी, निदान त्यांचे मार्ग नकाशावर आणावेत, असे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. हे इतिहासप्रेमींचे खूळ आहे, असे काही विद्वान म्हणतात. त्यांनी एकदा मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर जगणारी रोपे पाहावीत.

कायद्यांविषयी फार लिहीत नाही. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा, त्याखालचे वृक्ष प्राधिकरण, पाच वर्षांनी करायची गणना, २०२१ च्या दुरुस्तीतले पन्नास वर्षांवरचे 'वारसा वृक्ष' हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. कागदावर काही उणे नाही.

उणे आहे ते रस्त्यावर. मनमाड रस्ता, कल्याण रस्ता, पुणे रस्ता. नगरातून निघणाऱ्या या वाटांवर आमच्या लहानपणी चिंचांची आणि वडांची दुतर्फा सावली होती. बैलगाड्या त्या सावलीत सुटत, आणि चिंचा पाडायला आम्ही शाळेतून थेट तिकडे जात असू. चिंच आणि कडुनिंब यांची मुळे खोल जातात. ऐन उन्हाळ्यात, हवी तेव्हा, त्यांची सावली मिळते. गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडाबोडका असतो. जुन्या वडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, धनेश घरटे करतो, उंबर-वडाच्या फळांवर तांबट आणि हरियाल जगतात. अशा एका झाडाच्या बदल्यात शंभर रोपे लावली म्हणून धनेशाला ढोली मिळत नाही. त्या शंभरांत गिरिपुष्प आणि कोनोकार्पस अशी परदेशी झाडे असतील तर काय बोलावे! गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी केली. आपल्याकडे दुभाजकांवर तो अजून दिमाखात उभा आहे.

आता माझ्या सर्वांत आवडत्या विषयाकडे येतो, तो म्हणजे माळ. नगर हा गवताचा मुलूख आहे. याच जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे. त्याआधी १९७९ मध्ये सोलापूर-नगरचा विस्तीर्ण माळ माळढोकासाठी राखला गेला. तो माळढोक आता नगर जिल्ह्यात दिसणे दुरापास्त झाले. शहराच्या कडेला केडगाव, नागापूर, बोल्हेगावकडे जे उघडे तुकडे उरले आहेत ते याच माळाचे अवशेष. आठ महिने ते पिवळे दिसतात म्हणून त्यांची नोंद 'पडीक' अशी होते. तिथे टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, चंदोल गातो, धाविक पळतो. पावसाचे पाणी मुरवायचे काम पवन्या-कुसळीचे गवत बिनबोभाट करते. त्याच्या मुळांत कार्बनही साठतो, आणि वरचे जळाले तरी मुळांतला टिकतो. वृक्षप्रेमाच्या भरात या माळावर खड्डे खणून रोपे लावणाऱ्या मंडळींशी माझे भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही. त्यांची तळमळ खरी आहे, जागा चुकली आहे. रोपे लावायची तर सीनेच्या काठावर लावा. भराव आणि अतिक्रमणांनी आवळलेल्या त्या नदीला करंज, उंबर, जांभूळ हवे आहेत.

शहराचा सर्वांत मोठा सलग हिरवा पट्टा मात्र महापालिकेच्या ताब्यात नाहीच. तो किल्ल्याभोवती आणि भिंगारच्या छावणीत आहे. १९४२ ते ४५ या काळात इथे कैदेत असलेल्या नेहरूंनी किल्ल्याच्या आवारात हातात कुदळ घेऊन फुलझाडांचे वाफे केले, तेव्हा त्यांना ती माती खडकाळ आणि राडारोड्याने भरलेली लागली होती. लष्कराच्या शिस्तीमुळे इथली जुनी झाडे वाचली, हे निर्विवाद. पण छावण्यांचा नागरी भाग पालिकांकडे सोपवण्याचे केंद्राचे धोरण आहे आणि २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवातही झाली. भिंगारची पाळी येईल तेव्हा हस्तांतराच्या कागदांवर सह्या होण्याआधी तिथले प्रत्येक जुने झाड, विहीर आणि मोकळा माळ यांची मोजणी झाली पाहिजे. त्या यादीत झाडाच्या वयाबरोबर त्याच्या ढोल्यांचीही नोंद हवी, आणि विहिरीत मे महिन्यात किती हात पाणी असते, तेही लिहिलेले हवे.