एकवीस जनुकं आणि मेणाचा ठोकळा

उसाचा कस टनावर नाही, उताऱ्यावर ठरतो, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. स्तनाच्या कर्करोगाचंही तसंच. गाठ किती सेंटिमीटरची, काखेत पोचली का, हे पाहावंच लागतं. पण एकाच मापाच्या दोन गाठींपैकी एक ऑपरेशननंतर कायमची जाते आणि दुसरी आठ वर्षांनी हाडांत उगवते. याचं बरंचसं उत्तर पेशींतली कोणती जनुकं किती जोरात कामाला लागली आहेत, यात असतं. हा विषय माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घर करून आहे.

इतिहास उरकून घेतो. २००० साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या कामावरून या रोगाचे प्रकार पाडले. २००२ मध्ये नेदरलँड्समधून ७० जनुकांची चाचणी आली, २००४ मध्ये अमेरिकेतून २१ जनुकांची ‘ऑन्कोटाइप डीएक्स’. झाला इतिहास!

आता माझी लाडकी एकवीस. त्यातली सोळा कर्करोगाशी संबंधित. केआय-६७, सर्व्हायव्हिन वगैरे पाच जनुकं पेशी किती झपाट्यानं वाढताहेत ते सांगतात आणि गुण वाढवतात. इस्ट्रोजेनच्या गटातली जनुकं जोरात असली तर गुण उतरतात. शेवटी शून्य ते शंभरमधला एक आकडा मिळतो. उरलेल्या पाच जनुकांचा कर्करोगाशी संबंधच नाही! मग ती कशाला?

इथेच खरी हुशारी आहे. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्यात जनुकांच्या कामाची नोंद देणाऱ्या आरएनएचे तुकडे होतात, कुठे कमी, कुठे जास्त. ही पाच जनुकं पेशींत साधारण एकसारखी चालू असतात. त्यांचं मोजमाप किती घटलं ते पाहून बाकी सोळांचा हिशेब दुरुस्त करता येतो. म्हणून तर १९८२ ते १९८८ दरम्यान अमेरिकेतल्या एका चाचणीत सहभागी झालेल्या स्त्रियांचे जुने ठोकळे पुढे कामी आले. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी घेतलेल्या अशा ६६८ जणींत कमी गुणांच्या गटात दहा वर्षांत ६.८ टक्के जणींचा रोग दूरच्या अवयवांत पसरला, जास्त गुणांच्या गटात ३०.५ टक्के. ते ठोकळे कुणी फेकून दिले असते तर?

२०१८ च्या ‘टेलरएक्स’ अभ्यासानं पुढचं पाऊल टाकलं. ११ ते २५ गुण असलेल्या बहुतेक जणींना हार्मोनविरोधी गोळ्या पुरतात, केमोनं वेगळा फायदा होत नाही. अपवाद पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांच्या स्त्रियांचा. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात दिसतो, तेव्हा हा अपवाद आपण ठळक अक्षरांत वाचावा. शिवाय ही एकवीस जनुकांची चाचणी हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठींसाठीच. ट्रिपल निगेटिव्हला, म्हणजे ईआर, पीआर हे हार्मोन-ग्राहक आणि हर-टू यांपैकी काहीच नसलेल्या गाठींना, तिचा उपयोग नाही. खर्चही लाखांत. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेमची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ अशाच ठोकळ्यावर जनुकांऐवजी पाच प्रथिनं तपासते, आणि ती स्वस्त पडते.

थोडं विषयांतर करतो, कारण गोष्ट घरची आहे. टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं हजार स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. २०११ चा निकाल असा : एकूणात फरक नाही, पण काखेत रोग पोचलेल्यांना फायदा. पुढे खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटाच्याच संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेनं प्रोजेस्टेरॉन दिलेल्या पेशी तपासल्या, तर एसजीके-१ आणि एनडीआरजी-१ ही जनुकं वाढलेली. यातलं दुसरं रोगाच्या पसरण्याला लगाम घालणारं!

इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत मी मुद्दाम बार्शीला जाऊन आलो. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली, गावोगाव माणसं जाऊन. गाठ दुखत नाही म्हणून बाई सांगत नाही, ही आपल्या भागातली खरी अडचण. तिच्यावर कुठलीच जनुकचाचणी इलाज नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकवीस जनुकांच्या आधी तिथे काढलेली गाठ तासाभरात भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहायला हवी, नाहीतर ईआर, पीआर, हर-टूचे साधे रिपोर्टही दगा देतात. आणि टाटाला निघताना फाइलीबरोबर ठोकळाही लॅबमधून मागून घ्या. रिपोर्टची झेरॉक्स निघते, ठोकळ्याची निघत नाही.