धुळीची रुजुवात

हवेतली धूळ मोजायला गच्चीच्या कठड्याला बांधलेली पांढरी डबी उघडून पाहिली, तर आत एक इवलासा पंखा, एक लेसर किरण आणि त्या किरणाच्या वाटेला काटकोनात बसवलेला एक प्रकाशग्राही डोळा, एवढाच काय तो सरंजाम आढळतो. पंख्याने ओढलेल्या हवेतले कण किरणात शिरले की प्रकाश विखुरतो, त्यावरून कणांचे आकारमान व संख्या ताडली जाते, आणि घनतेविषयी काही एक गृहीत धरून त्या संख्येचे वजन केले जाते. म्हणजे डबी धूळ तोलत नाही, अदमास करते. पडद्यावर क्षणोक्षणी पालटणारा आकडा पाहताना नेमका याचाच विसर पडतो.

तोलण्याचे काम सरकारी केंद्रांतली बीटा किरणांची यंत्रे करतात. फितीवर साचलेल्या धुळीतून ते किरण किती क्षीण होऊन बाहेर पडले, यावरून घनमीटरमागे मायक्रोग्रॅमचा हिशेब लागतो, आणि आत येणारी हवा आधी किंचित तापवून तिचा ओलावा उतरवला जातो. स्वल्पमोली डबीत बहुधा ही सोय नसते, आणि खरी मेख तिथेच आहे. मार्गशीर्षातल्या पहाटे मुठेकाठी धुके उतरले, की हवेतले सल्फेट-नायट्रेटचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि बिचारी डबी त्या पाण्यालाही धुळीच्याच खाती मांडते. 24 तासांच्या सरासरीला 60 मायक्रोग्रॅम ही सूक्ष्म कणांची आपली मर्यादा. ती ओलांडल्याचा गवगवा अशा पहाटे निव्वळ दवापायीही होऊ शकतो.

म्हणून जाणता रचनाकार डब्या गावभर टांगण्यापूर्वी काही आठवडे त्या सरकारी यंत्राच्या शेजारी बसवून दोन्ही वह्यांची रुजुवात घालतो, आर्द्रता व तापमान जमेस धरून दुरुस्तीचे सूत्र बसवतो, आणि उन्हाळ्यात बसवलेले सूत्र पावसाळ्यात जसेच्या तसे चालवीत नाही. वायूंच्या विद्युत-रासायनिक घटांची तऱ्हा आणखी निराळी: नायट्रोजन डायऑक्साइड मोजायला ठेवलेला घट ओझोनलाही जबानी देऊन बसतो.

शिवाय एका डबीत दोन संवेदक ठेवावेत, दोघांची साक्ष जुळली नाही तर ती नोंद बाद करावी, हा शहाणपणा मला उशिरा सुचला. आमच्या गच्चीवरचा आकडा एकदा आठवडाभर उतरत गेला, शेजारी हवा सुधारल्याचे सर्वांना सांगत सुटले, आणि झाकण काढले तो हवेच्या तोंडाशी कोळ्याने ऐसपैस जाळे विणलेले.