स्प्रेडशीटमधील नियंत्रणे व आज्ञावलीचे कार्यक्षेत्र

स्प्रेडशीटचे बळ तिच्या उघडेपणात आहे. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांची ‘व्हिसिकॅल्क’ १९७९ साली उपलब्ध झाली, तेव्हापासून या साधनाचे तत्त्व एकच राहिले आहे : एका सेलमधील संख्या बदलली की तिच्यावर अवलंबून असणाऱ्या संख्या आपोआप बदलतात आणि प्रत्येक संख्येमागील सूत्र वाचता येते. १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत ‘व्हिज्युअल बेसिक’ ही आज्ञाभाषा आली आणि पत्रकावर सरकपट्टी, बटण, पर्यायसूची अशी नियंत्रणे आज्ञावलीद्वारा बसविणे शक्य झाले. सोय वाढली, परंतु गणित आज्ञावलीच्या आड दडण्याचा धोकाही वाढला. यास्तव आज्ञावलीकडे कोणते काम सोपवावे व कोणते सोपवू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. दहा वर्षांनी मिळावयाच्या १०,००० रुपयांचे आजचे मूल्य वटाव-दराप्रमाणे कसे बदलते, हे पाहावयाचे आहे. दर ५ टक्के धरल्यास हे मूल्य सुमारे ६,१३९ रुपये, ८ टक्के धरल्यास ४,६३२ रुपये आणि १० टक्के धरल्यास ३,८५५ रुपये येते. दर सरकपट्टीने बदलता आला, तर हा उतार वाचकाच्या तत्काळ ध्यानी येतो.

एक्सेलमध्ये पत्रकावरील नियंत्रणांचे दोन वर्ग आहेत : फॉर्म नियंत्रणे व ॲक्टिव्हएक्स नियंत्रणे. दुसऱ्या वर्गात सोयी अधिक असल्या, तरी सुरक्षिततेच्या कारणास्तव ऑफिस २०२४ पासून ती मुळातच बंद ठेवलेली असतात. अभ्यासकार्यासाठी म्हणून पहिला वर्ग इष्ट होय. ‘ॲडफॉर्मकंट्रोल’ या आज्ञेस नियंत्रणाचा प्रकार, जागा व आकार कळविला की ते पत्रकावर अवतरते. त्यानंतर त्यास नाव द्यावे, किमान व कमाल मूल्य ठरवावे, आणि ‘लिंक्ड सेल’ या गुणधर्माने ते एका सेलशी जोडावे. आज्ञावली पुन्हा चालविल्यास जुन्या पट्टीवर दुसरी पट्टी बसते. म्हणून त्या नावाचे जुने नियंत्रण आधी काढून टाकण्याची आज्ञा आरंभीच लिहावी.

फॉर्म सरकपट्टी केवळ पूर्णांक जाणते व तिची कमाल मर्यादा ३०,००० आहे. अपूर्णांकी दरासाठी पट्टीची व्याप्ती ० ते १५० ठेवावी, ती बी-२ या सेलशी जोडावी आणि सी-२ मध्ये बी-२ भागिले १,००० हे सूत्र लिहावे. त्यायोगे ० ते १५ टक्क्यांपर्यंतचा दर ०.१ टक्क्याच्या पायरीने मिळतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सेलवर घातलेले ‘डेटा व्हॅलिडेशन’ टंकित मूल्याची तपासणी करते. नियंत्रणातून आलेल्या मूल्यास ते अडवीत नाही. उलटपक्षी, पट्टीची कमाल मर्यादा टंकित मूल्यास रोखू शकत नाही. बी-२ मध्ये कोणी ५,००० लिहिले, तर सूत्र निमूटपणे ५०० टक्के दराने गणित करील. म्हणून दोन्ही बंधने आवश्यक ठरतात. तसेच पत्रक संरक्षित करताना जोडलेली सेल मोकळी ठेवावी. अन्यथा पट्टी हलविता येत नाही.

वरील रचनेत आज्ञावली फक्त नियंत्रण बसविते. गणित सेलमधील सूत्रेच करितात. परिणामी, काम झाल्यावर मॅक्रोविरहित एक्सएलएसएक्स स्वरूपात प्रत जतन केली, तरी पट्टी चालू राहते. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो एक्सेल मुळातच अडविते, हे लक्षात घेता हा लाभ लहान नव्हे. मॅक्रोने पत्रकात बदल केल्यास ‘अन-डू’ची नोंदही पुसली जाते, गणित सूत्रांतच ठेवल्यास तीही अडचण उद्भवत नाही.

शेवटी, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. पट्टी हलवून हवे ते उत्तर मिळविणे सुलभ असते. ते कोणत्या दराने मिळाले याची नोंद मात्र पट्टी ठेवीत नाही. म्हणून जोडलेली सेल कधीही लपवू नये, प्रबंधात निष्कर्षाशेजारी दर लिहावा, आणि पट्टी बसविणारी आज्ञावली परिशिष्टात द्यावी. तीत किमान, कमाल व पायरी स्पष्टपणे नमूद असल्याने संशोधकाने कोणत्या मर्यादेत शोध घेतला, हे परीक्षकास पडताळून पाहता येते. हाताने बसविलेल्या नियंत्रणाची अशी लेखी साक्ष राहत नाही. आज्ञावलीचा खरा उपयोग तो हाच.