पंपाचा प्लग सारखा काळा का पडतो?

सोयाबीन-कपाशीची फवारणी सुरू झाली की गटाचा पेट्रोलवरचा पंप भाड्याने जातो. तो अर्ध्या वावरात बंद पडला, तर त्या दिवसाचं भाडं बुडतं आणि मजूर बसून राहतात. मिस्त्री प्लग काढून दाखवतो, काळा आणि तेलकट. नवा बसवतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

प्लगचं काम ठिणगी पाडायचं. तेलाचं काम आतले भाग घासू न देण्याचं. पण जास्तीचं तेल प्लगपर्यंत पोचलं, की त्याची काजळी बसते आणि वीज ठिणगी न पाडता काजळीतूनच निघून जाते. म्हणजे दुखणं तेलाचं, प्लग फक्त ते सांगतो.

हे दुखणं विमानांनाही होतं. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांत सिलिंडरच गोल फिरत. त्यांत चक्क एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. फिरण्याच्या जोराने ते बाहेरच्या टोकाकडे, म्हणजे प्लगकडेच जाई आणि धुरासोबत उडून वाया जाई.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाचं इंजिन उलटं होतं, सिलिंडरचं डोकं खाली. अशा इंजिनात तेल आपल्या वजनानेच प्लगकडे उतरतं. म्हणून अशी इंजिनं बनवणाऱ्यांनी तेलाची वाटच अडवली. तेल आत साठू न देता पंपाने ओढून वेगळ्या टाकीत नेलं. पिस्टनवर तेल खरवडणारी रिंग बसवली. पातेल्याच्या कडेचं पीठ आपण बोटाने निपटतो, तशी ती रिंग जास्तीचं तेल निपटून मागे पाठवते.

आता आपला पंप. टू-स्ट्रोक असेल तर तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. पुस्तिकेत पंचवीसास एक लिहिलं असेल, तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली तेल. पन्नासास एक असेल, तर २० मिली. अंदाजाने ओतू नका. तेल जास्त झालं तर प्लग काळा पडतो, कमी झालं तर इंजिन जाम होतं.

फोर-स्ट्रोक असेल तर तेल वेगळं भरतात. ते खुणेच्या वर जाऊ देऊ नका. पंप ट्रॉलीत आडवा टाकू नका. आडवा पडला की तेल सिलिंडरमध्ये शिरतं, त्या उलट्या इंजिनासारखंच.

इंजिन थंड झाल्यावर, चूल-विडीपासून दूर, प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर आधी हवेची जाळी साफ करा. ओला, तेलकट असेल तर तेलाचं माप तपासा. माप बरोबर असूनही निळसर धूर येत असेल, तर रिंग झिजलेली असू शकते. मिस्त्रीला ती तपासायला सांगा.

आणि गटाच्या वहीत एक पान पंपाला द्या. तेल कुणी मिसळलं, किती मिसळलं, प्लग कधी बदलला, एवढंच लिहा. एका हंगामात तीन-चार प्लग गेलेले दिसले, तर पाचवा आणण्याआधी तेल कुठून येतंय ते शोधा.